फ्लूची लस, फलित अंडे आणि मिरजेतील एक लसीकरण केंद्र

माझे वडील अप्पा (वय ७६) आणि आई (वय ७१) यांच्या आणि एकदा माझ्याही लसीकरणासाठी गेल्या दीड वर्षात आम्ही मिरजेतील एका खासगी प्रौढ लसीकरण केंद्रात चार वेळा गेलो. केंद्राचे नाव मी लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आल्या आहेत आणि त्या मी तेथील डॉक्टरांना समक्ष सांगून झाल्या आहेत. हे लिहिण्याचे कारण निराळे आहे. आम्ही शिरोळ तालुक्यातील शेती करणारे दिगंबर जैन. आमच्या घरांतून लशीबद्दल जे प्रश्न विचारले जातात, त्यांना सरळ उत्तर देणारी जागा मला इतक्या वर्षांत प्रथमच भेटली. ज्यांच्या घरी असेच प्रश्न आहेत, त्यांना हा अनुभव उपयोगी पडावा.

अप्पांना वीस वर्षांपासून मधुमेह आहे आणि पावसाळा लागला की दमा उसळतो. २०२३ च्या श्रावणात साध्या सर्दीने सुरुवात झाली, चौथ्या दिवशी धाप लागू लागली आणि त्यांना आठ दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. तपासणीत फ्लू निघाला. घरी सोडताना तेथील डॉक्टरांनी कागदावर दोन ओळी लिहून दिल्या: फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोकोकलची (न्यूमोनियाच्या जीवाणूविरुद्धची) लस एकदा. अप्पांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि गाडीत बसल्यावर पहिला प्रश्न विचारला, “ही लस कशापासून करतात?”

हा प्रश्न अप्पांच्या मनात अचानक आलेला नव्हता. जून २०२१ मध्ये, कोरोनाची दुसरी लाट ओसरत असताना, गावातील प्रत्येकाच्या मोबाईलवर एक संदेश फिरत होता की लशीत वासराचे रक्त असते. त्याच्या थोडे आधी आईने आरोग्य केंद्रात कोव्हिशील्डचा पहिला डोस घेतला होता. संदेश वाचून तिने दोन दिवस अन्न घेतले नाही. मुळात तो वाद कोव्हॅक्सिनविषयी होता. ती लस ज्या पेशींवर वाढवतात, त्या व्हेरो पेशींच्या पोषणासाठी नवजात वासराच्या रक्तातील द्रव वापरतात, तो पुढे धुऊन काढला जातो आणि तयार लशीत राहत नाही, असा खुलासा केंद्र सरकारने त्याच महिन्यात केला होता. आईने घेतलेली लस निराळी, तिची घडणही निराळी. परंतु हे तिला समजावून सांगेल असा एकही माणूस तेव्हा आमच्या आसपास नव्हता. ज्यांना विचारले त्यांपैकी निम्मे हसले आणि निम्म्यांनी “काही नसतं हो त्यात” म्हणून हात झटकले. दोन्हींचा आईला सारखाच त्रास झाला.

म्हणून फ्लूच्या लशीच्या वेळी मी ठरवले की आधी माहिती घ्यायची, मग दंड पुढे करायचा. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. एका परिचितांनी हे केंद्र सुचवले, कारण तेथे फक्त लसीकरणाचेच काम होते आणि डॉक्टर वेळ देतात असे त्यांचे म्हणणे होते.

पहिली भेट निराशेने सुरू झाली, हे सांगितले पाहिजे. काउंटरवरील मुलीला मी विचारले, “या लशीत प्राणिजन्य काही आहे का?” तिने क्षणभरही न थांबता उत्तर दिले, “नाही सर, पूर्ण व्हेज आहे.” तिचा हेतू वाईट नव्हता. समोर वृद्ध माणूस काळजीत उभा आहे, त्याला धीर द्यावा एवढेच तिच्या मनात असावे. पण ते उत्तर चूक होते. अप्पा खुर्चीवर बसायला निघाले होते, ते तिथेच थांबले आणि म्हणाले, “बाळ, तुला खात्री आहे ना? मी देवासमोर उत्तर देणार आहे.” मुलगी गोंधळली आणि आत जाऊन डॉक्टरांना घेऊन आली.

त्यापुढचा अर्धा तास मी या केंद्राच्या खात्यावर सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणून लिहितो. डॉक्टरांनी प्रथम मुलीचे उत्तर चुकीचे होते हे तिच्यासमोरच, पण न रागावता सांगितले. मग कपाटातून एक फाईल काढली. त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येक लशीसाठी एकेक पान मराठीत टंकलेले आहे: लस कोणत्या आजारावर, मृत की जिवंत, कशावर वाढवलेली, तयार लशीत कशाचे अंश राहतात, कोणी घेऊ नये. सिरिंजच्या खोक्यात येणारे माहितीपत्रक इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत असते. ते वाचून मराठीत आणण्याचे काम या डॉक्टरांनी स्वतः केले आहे. औषधांच्या वेष्टनावर बिस्किटाच्या पुड्यासारखा हिरवा ठिपका नसतो, त्यामुळे पाळणाऱ्या माणसाला विचारण्यावाचून मार्ग नसतो, आणि विचारल्यावर हातात असे पान मिळणे ही आमच्यासाठी फार मोठी गोष्ट होती.

फ्लूच्या पानावर लिहिले होते, “कोंबडीच्या अंड्यात वाढवलेली.” अप्पांनी ते मोठ्याने वाचले आणि विचारले, “बाजारातलं अंडं की पिल्लाचं अंडं?” मला वाटते, हा प्रश्न डॉक्टरांना त्याआधी कोणी विचारला नसावा. तरी त्यांनी उत्तर टाळले नाही. अंडी फलित असतात, ती नऊ ते अकरा दिवस उबवलेली असतात, त्यांत विषाणू टोचून आणखी दोन-तीन दिवस ठेवतात, मग आतील द्रव काढून घेतात, रसायनाने विषाणू निष्क्रिय करतात, त्याचे तुकडे करून गाळून शुद्ध करतात, आणि प्रत्येक जातीच्या विषाणूचे पंधरा मायक्रोग्रॅम प्रथिन अर्ध्या मिलिलिटरच्या डोसात येते, असे त्यांनी क्रमाने सांगितले. कोंबडीचे पिल्लू एकविसाव्या दिवशी बाहेर येते. म्हणजे लशीसाठी वापरलेल्या अंड्यात निम्म्याहून अधिक वाटचाल झालेला जीव असतो आणि तो तिथेच संपतो. हे शेवटचे वाक्य डॉक्टरांनी उच्चारले नाही, ते अप्पांनी उच्चारले, आणि डॉक्टर म्हणाले, “होय, अप्पा. तसंच आहे.”

जैन नसलेल्या वाचकांसाठी येथे थोडे थांबतो. आमच्याकडे जीवांची मोजणी इंद्रियांवरून होते. झाड, पाणी हे एकेंद्रिय. अळी, मुंगी, माशी क्रमाने वर. पक्षी आणि माणूस पंचेंद्रिय. शेतकऱ्याच्या हातून नांगरटीत असंख्य जीव जातात, हे आमचे आचार्य जाणून होते. म्हणून गृहस्थासाठी हिंसेचे चार प्रकार सांगितले: जाणूनबुजून केलेली ती संकल्पी, घरकामात होणारी आरंभी, पोटापाण्याच्या व्यवसायात होणारी उद्योगी आणि स्वसंरक्षणात होणारी विरोधी. संकल्पी हिंसा गृहस्थाने पूर्ण सोडायची आणि उरलेल्या तिन्ही जमतील तितक्या कमी करायच्या. शिवाय दोष फक्त हाताने करणाऱ्याला लागतो असे नाही. कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे केलेले, करवलेले आणि मान्यता दिलेले, अशा तिन्ही वाटांनी तो येतो. अंडे फोडणारा कारखान्यातील माणूस आम्हाला ठाऊक नाही, परंतु लशीचे पैसे मोजणारे आम्हीच आहोत.

आणि फ्लूच्या बाबतीत हा हिशेब एकदाच मांडून संपत नाही. देवीची लस आयुष्यात एक-दोनदा टोचली की काम होत असे. फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो, त्यामुळे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, लशीत कोणत्या जाती घालाव्यात हे नव्याने सांगते आणि लस दरवर्षी घ्यावी लागते. ज्या वर्षी लस आणि फिरता विषाणू यांचे चांगले जुळते, त्या वर्षीही आजाराचा धोका साधारण ४० ते ६० टक्केच कमी होतो, हेसुद्धा डॉक्टरांनी स्वतःहून सांगितले. मी मनात म्हटले, या माणसाला लस विकायची आहे की नाही? अंड्यावर न वाढवलेली फ्लूची लस जगात आहे. एक प्रकार कुत्र्याच्या मूत्रपिंडातून अनेक दशकांपूर्वी घेतलेल्या आणि तेव्हापासून प्रयोगशाळेतच वाढत असलेल्या पेशींवर होतो, दुसरा कीटकांच्या पेशींवर. त्या दिवशी केंद्रात दोन कंपन्यांच्या लशी होत्या आणि दोन्ही अंड्यावरच्याच होत्या. दुसऱ्या प्रकारची मिळते का ते पाहतो, असे सांगून डॉक्टरांनी आठ दिवसांनी फोन केला आणि सध्या मिळत नसल्याचे कळवले. तो फोन त्यांनी आठवणीने केला याची नोंद करतो.

पहिल्या भेटीत आम्ही लस न घेताच परतलो. तपासणीचे शुल्कही त्यांनी घेतले नाही. “घरी विचार करा, महाराजांना विचारा, पण विचार करण्यात सगळा पावसाळा घालवू नका,” एवढेच डॉक्टर म्हणाले. पावसाळ्याआधी, एप्रिल-मे मध्ये घेतली तर आमच्या भागात जुलै ते सप्टेंबरमध्ये वाढणाऱ्या फ्लूच्या वेळी शरीर तयार असते, कारण लस घेतल्यावर संरक्षण यायला सुमारे दोन आठवडे लागतात. आम्ही गेलो तेव्हा एप्रिलचा शेवट होता.

घरी जे बोलणे झाले ते या परीक्षणात लिहावे की नाही, यावर मी बराच विचार केला. पण त्याशिवाय केंद्राच्या कामाची किंमत कळणार नाही.

अप्पांच्या डाव्या दंडावर देवीच्या लशीचा रुपयाएवढा व्रण आहे. ती लस वासरांच्या कातडीवर वाढवत असत. बेळगावला टिळकवाडीत आत्याचे घर आहे, तिथून जवळ असलेल्या मैदानाला आजही व्हॅक्सिन डेपो म्हणतात, तो त्याच कामाचा. अप्पा सात-आठ वर्षांचे असताना त्यांना पिसाळलेले कुत्रे चावले होते आणि पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागली होती. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनत असे. आपल्या देशात तिचा वापर २००४ च्या अखेरीस थांबला आणि आता पेशींवर वाढवलेल्या लशी दंडात देतात. त्या काळी आजोबांनी विचारले नव्हते आणि कोणी सांगितलेही नव्हते. मी अप्पांना म्हटले, “म्हणजे तुमचं आयुष्यच अशा लशींवर उभं आहे, मग आता एवढा विचार कशाला?” अप्पांना ते पटले नाही. ते म्हणाले, “न कळता झालं ते झालं. आता मला कळलंय. कळल्यावर तेच करायचं असेल तर मला नीट बघून करावं लागेल.”

आमच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, स्वाध्यायाला येणाऱ्या पंडितजींनी तत्त्वार्थसूत्रातील हिंसेची व्याख्या काढली: प्रमत्तयोगात् प्राणव्यपरोपणं हिंसा. प्रमादाने, म्हणजे बेपर्वाईने वा विकारवश होऊन प्राण घेणे ती हिंसा. काही मंडळी यावरून लगेच म्हणू लागली की अप्पांच्या मनात विकार नाही, तेव्हा दोषही नाही. पंडितजींनी त्यांना थांबवले. बेपर्वाई नसणे याचा अर्थ डोळे मिटणे नव्हे, दुसरा उपाय शोधला का, गरज खरी आहे का, हे पाहिल्यावरच तसे म्हणता येते, असे त्यांचे म्हणणे. फलित अंड्यातील जीव पंचेंद्रिय आहे, त्याला दुसरे नाव देऊन दोष हलका करू नये, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. “घ्या” किंवा “घेऊ नका” असे मात्र ते शेवटपर्यंत म्हणाले नाहीत.

निर्णयाला वळण मिळाले ते आणखी वेगळ्या बाजूने. त्या वर्षी आमच्या गावात एका वयोवृद्ध मुनिमहाराजांचा चातुर्मास ठरला होता. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच, उभे राहून, ओंजळीत आहार घेतात, आणि औषध द्यायचे तर तेही त्याच वेळी. अप्पा चौक्यात, म्हणजे मुनींचा आहार शिजवून दिला जातो त्या जागी, पुढे असतात. पडगाहन करण्यापासून, म्हणजे मुनींना आहारासाठी आदराने बोलावण्यापासून, ओंजळीत घास ठेवण्यापर्यंत सगळे एका हाताच्या अंतरावर चालते. आषाढापासून कार्तिकापर्यंतचे तेच महिने फ्लूचे. अप्पा एका रात्री म्हणाले, “मला झाला तर मी दवाखान्यात जाईन, सलाईन लावून घेईन. माझ्याकडून महाराजांना गेला तर ते काय करतील?” वैयावृत्य, म्हणजे साधूंची सेवा, हे आमच्याकडे तपातच मोजतात. सेवा सोडून दूर बसणे हाही एक मार्ग होता. अप्पांनी तोही तोलून पाहिला. पण घरात दोन लहान नातवंडे आहेत, शेजारी क्षयातून उठलेला भाऊ आहे, किती जणांपासून दूर बसणार?

अप्पांनी फ्लूची लस घ्यायचे ठरवले. आईने घ्यायची नाही असे ठरवले. तिने तीन वर्षांपूर्वी जैन गृहस्थांसाठी सांगितलेली बारा व्रते घेतली आहेत. तिला दमा नाही, मधुमेह नाही, आणि ती चौक्यात आता फक्त स्वयंपाकाचे पाहते. तिचे म्हणणे असे की, तिची गरज अप्पांच्या गरजेएवढी नाही आणि घेतलेल्या व्रताला एवढ्या गरजेसाठी धक्का लावणे तिला मंजूर नाही. मला स्वतःला तिनेही घ्यावी असे वाटत होते आणि आजही वाटते, वय सत्तरीपुढचे आहे. पण एकाच घरात, एकच शास्त्र मानून, दोन माणसे दोन उत्तरांवर प्रामाणिकपणे पोहोचू शकतात, हे त्या आठवड्यात मी डोळ्यांनी पाहिले.

दुसऱ्या भेटीत आम्ही दोघांनाही घेऊन गेलो. आईसाठी न्यूमोकोकलच्या लशीची चौकशी करायची होती. तिचे पान वाचले: न्यूमोनियाच्या जीवाणूचे कवच शुद्ध करून वाहक प्रथिनाला जोडलेले असते, आणि जीवाणू सोयाबीनपासून केलेल्या द्रवात वाढवतात. जीवाणूंना कोणत्या गटात धरायचे यावर आमच्या अभ्यासकांतही चर्चा चालते, पण जी गृहिणी विरजण लावते तिला या लशीची अडचण वाटली नाही. आईने ती घेतली आणि अप्पांनीही घेतली. अप्पांनी फ्लूची लस त्याच दिवशी दुसऱ्या दंडावर घेतली. दोन्ही एकाच दिवशी चालतात, असे डॉक्टरांनी सांगितले.

सिस्टरांचे काम नीटनेटके होते. फ्रीजचे दार उघडण्याआधी त्यांनी बाहेरच्या पट्टीवरचे तापमान आम्हाला दाखवले, पाच अंश होते. ही लस दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते आणि गोठली तर फेकून द्यावी लागते. खोके आमच्यासमोर फोडले, मुदत आणि बॅच क्रमांक मला वाचायला लावला, आणि तो कार्डावर लिहूनच सिरिंज उचलली. अप्पांनी “एक मिनिट” म्हणून डोळे मिटले आणि णमोकार मंत्र म्हटला. सिस्टर हातात कापूस धरून उभ्या राहिल्या, घाई केली नाही, आणि मंत्र संपल्यावर “झालं का अप्पा?” असे विचारूनच सुई टोचली. बाहेर दहा-बारा लोक थांबलेले असताना एवढे थांबणे सोपे नसते.

आईच्या कार्डावर फ्लूच्या रकान्यात काय लिहायचे, हा प्रश्न आला. असे रकाने भरताना लोक सरळ “नकार” असे लिहून मोकळे होतात. या डॉक्टरांनी लिहिले, “माहिती दिली. स्वेच्छेने घेतली नाही.” आईला वाचता येते. तिने कार्ड दोनदा वाचले.

आता तक्रारी. पहिली वेळेची. लसीकरण फक्त संध्याकाळी सहा ते आठ या वेळात होते. मे महिन्यात आमच्याकडे सातच्या सुमारास सूर्य मावळतो आणि आम्ही सूर्यास्तानंतर अन्न घेत नाही, आई तर पाणीही घेत नाही. आमचा क्रमांक पावणेसातला लागला, त्यानंतर अर्धा तास तिथेच बसायचे होते, कारण क्वचित कोणाला लगेच त्रास होतो आणि ते पाहण्यासाठी थांबणे आवश्यक असते. अप्पा साडेपाचला जेवून निघाले होते. सव्वासात वाजता त्यांना घाम फुटला, हात थरथरू लागले. साखर ६४ निघाली. सिस्टरांनी ग्लुकोजचे पाणी पुढे केले तेव्हा अप्पांनी माझ्याकडे पाहिले. आई म्हणाली, “घ्या, औषध आहे ते.” त्यांनी घेतले आणि पंधरा मिनिटांत ठीक झाले. चूक काही अंशी आमचीही होती, मधुमेहाच्या गोळीची वेळ आम्ही पुढे ढकलायला हवी होती. परंतु ज्या भागात जैन वस्ती एवढी आहे, तिथे ज्येष्ठांसाठी आठवड्यातून एक सकाळ राखून ठेवणे अशक्य नाही. तिसऱ्या भेटीपर्यंत त्यांनी रविवारी सकाळी नऊ ते अकरा ही वेळ सुरू केली होती. आमच्या सांगण्यावरून की आणखी कोणाच्या, ते मी विचारले नाही.

दुसरी तक्रार त्या मराठी पानांविषयी आहे. पाने फाईलमध्ये राहतात आणि फाईल कपाटात. विचारेल त्यालाच दिसतात. काउंटरवरच्या मुलीलाही ती ठाऊक नव्हती, म्हणूनच ती “पूर्ण व्हेज” म्हणाली. ही पाने भिंतीवर लावली पाहिजेत. आणि “कोंबडीच्या अंड्यात” एवढे पुरेसे नाही, “फलित” हा शब्द पाहिजे. तिसऱ्या भेटीत मी पान पुन्हा मागून पाहिले, “फलित” शब्द पेनाने वर लिहिलेला होता. भिंतीवर मात्र अजून काही नाही.

तिसरी लहानशी गोष्ट. दुसऱ्या भेटीत एका सहाय्यकाने अप्पांना, “आजोबा, देवाचा आणि लशीचा काय संबंध?” असे हसत म्हटले. अप्पा काही बोलले नाहीत, पण परतीच्या वाटेवर जयसिंगपूर येईपर्यंत गप्प होते. हे मी डॉक्टरांना सांगितले. ज्या केंद्रात इतकी समज आहे, तिथे हे वाक्य अधिक लागले.

खर्चाचे सांगायचे तर फ्लूच्या लशीचे १८०० रुपये आणि टोचण्याचे १५० रुपये घेतले. न्यूमोकोकलची लस याहून बरीच महाग होती. खोक्यावरील छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त लावला नाही आणि पावती न मागता मिळाली. दंड दोन दिवस दुखला, एक रात्र अंग मोडून आले, आणि बाकी काही झाले नाही. लस मृत विषाणूची असल्याने तिच्यामुळे फ्लू होत नाही, हे पानावर लिहिलेले होते, त्यामुळे त्या रात्री आम्ही घाबरलो नाही.

लस घेतल्यावर अप्पा बस्तीत गेले आणि महाराजांच्या आगमनानंतर त्यांच्यापुढे आलोचना केली, म्हणजे जे केले ते जसेच्या तसे सांगितले. मधुमेहामुळे त्यांना उपवास झेपत नाही, म्हणून प्रायश्चित्तात महाराजांनी एक महिना तुपाचा त्याग आणि रोज एक माळ जप सांगितला. लशीला लागले तेवढे पैसे अप्पांनी स्वतःहून पांजरपोळाला पाठवले. चातुर्मास पार पडला. ऑगस्टमध्ये घरात थोरल्या नातवाला ताप आला, चौक्यात काम करणाऱ्या दोघांना खोकला झाला. अप्पांना त्या पावसाळ्यात रुग्णालय लागले नाही. त्याचे सगळे श्रेय मी लशीला देत नाही, कारण त्यांनी चौक्यात नाकातोंडाला फडकेही बांधले होते आणि दम्याचा पंप एकदाही चुकवला नव्हता.

तिसरी भेट माझ्या स्वतःच्या लशीसाठी होती आणि चौथी या वर्षी एप्रिलमध्ये. केंद्राकडून फोनवर आठवणीचा संदेश आला होता. आईला आलेल्या संदेशात फ्लूचा उल्लेख नव्हता, तिचे उत्तर त्यांनी लक्षात ठेवले होते. अप्पांनी मात्र लगेच दिवस ठरवू दिला नाही. गेल्या वर्षीचा निर्णय गेल्या वर्षीचा, या वर्षी महाराज गावात नाहीत, तेव्हा पुन्हा पाहावे लागेल, असे ते म्हणाले. चौथ्या भेटीत ते डॉक्टरांसमोर बसले आणि पहिला प्रश्न तोच विचारला: अंड्यावर न वाढवलेली लस आली का? डॉक्टरांनी त्यांच्यासमोर वितरकाला फोन लावला, स्पीकरवर ठेवला. अजून नाही, महिन्याभरात कळवतो, असे उत्तर मिळाले. अप्पांनी विचारले, “महिनाभर थांबलो तर पावसाळा गाठेल का?” डॉक्टरांनी भिंतीवरचे कॅलेंडर काढून टेबलावर पसरले आणि दोघे मिळून मे महिन्याचे दिवस मोजू लागले.